अहिहिकचे कागदी फुगे

[मैदान, वरून. फुगे काही अर्धे भरलेले, काही अजून गवतावर आडवे. पितळी वाद्यांचा बँड. निवेदन दहा सेकंदांनी.]

मेक्सिकोच्या हलिस्को राज्यातलं अहिहिक. पाठीशी डोंगर, समोर चापाला, म्हणजे देशातलं सगळ्यात मोठं सरोवर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्ट्यात गोट्यांच्या फरसबंदीच्या गल्ल्या. ग्वादालाहारा शहर इथून साधारण पन्नास किलोमीटरवर. अमेरिका-कॅनडातून निवृत्त होऊन आलेली हजारो माणसं या काठावर राहतात. त्यांची लेक चापाला सोसायटी १९५५ सालची. तिचा पत्ताच मुळी '१६ सप्टेंबर' नावाच्या रस्त्यावरचा.

१६ सप्टेंबर हा मेक्सिकोचा स्वातंत्र्यदिन. त्याच्या आगेमागे एका शनिवारी गावच्या फुटबॉल मैदानावर 'रेगाता दे ग्लोबोस' भरते. मोठाले कागदी फुगे गरम हवेवर सोडायचे, एवढंच. २०२४ सारखी १६ तारीख सोमवारी आली की सलग तीन दिवस सुट्टी, आणि मग निम्मं ग्वादालाहारा इकडे लोटतं.

[अंगण. लांब टेबल, कागदाची चळत, कात्री. हात जवळून.]

फुगा मैदानावर दिसतो दहा मिनिटं. त्याच्यामागे कित्येक संध्याकाळी गेलेल्या असतात.

कागद 'पापेल दे चिना', आपल्या पतंगाच्या कागदासारखा झिरझिरीत. वजन चौरस मीटरला अठरा ग्रॅमच्या आसपास. ताव ५० बाय ७० सेंटीमीटरचा. समजा, दोन मीटर व्यासाचा गोल फुगा करायचाय. घेर भरतो सहा मीटर अठ्ठावीस सेंटीमीटर. त्याच्या चौदा पाकळ्या केल्या की एक पाकळी मधोमध ४५ सेंटीमीटर रुंद होते. पन्नासच्या तावात बसते आणि चिकटवायला कडेची पट्टीही उरते. बाराच पाकळ्या धरल्या तर रुंदी बावन्नच्या पुढे जाते, ताव तोकडा पडतो आणि प्रत्येक पाकळीला उभा जोड द्यावा लागतो. काम दुप्पट, वजन जास्त. नवखे गट हटकून बारावर जातात, कारण आकडा सोयीचा वाटतो.

पाकळीची लांबी तीन मीटर चौदा. जोडांचं धरून एकीला पाच ताव, चौदा पाकळ्यांना सत्तर. कापताना निमुळत्या टोकांकडून जे तुकडे निघतात ते टाकायचे नाहीत. ठिगळांना तेच लागतात.

[पुठ्ठ्याचा साचा. पाकळ्यांची उभी घडी.]

साचा अर्ध्या पाकळीचा. सगळ्या पाकळ्या एकावर एक ठेवून उभ्या दुमडायच्या, साचा घडीला लावायचा आणि एकदमच कापायचं. एकेक पाकळी वेगळी कापली की दोन मिलिमीटरचा फरक पडतो, चौदा ठिकाणी तो साठतो आणि फुगा भरल्यावर एका अंगाने पोक काढून उभा राहतो.

[ब्रश, पांढरा डिंक.]

डिंक पाणी घालून पातळ केलेला, किंवा मैद्याची खळ. फार पातळ झाला तर कागदाचा रंग सुटतो आणि कड विरघळते. फार दाट झाला तर वाळल्यावर कडक होतो, घडी उलगडताना तिथेच तडकतो. बोटाला लावून पाहिला की ओला वाटावा, पण ओघळू नये. पट्टी एक सेंटीमीटरची. पाकळ्या एकीवर एक ठेवत, एकदा डावी कड, एकदा उजवी, असं भात्यासारखं चिकटवत जायचं. शेवटची पाकळी पहिलीला जोडली की वर्तुळ पुरं होतं. सप्टेंबर इथे पावसाळ्याचा महिना, हवा दमट. रात्रभर पंख्याखाली ठेवल्याशिवाय या जोडांवर भरवसा ठेवता येत नाही.

[फुग्याच्या आत एक मुलगी, हातात विजेरी.]

ही भोकं शोधतेय. घरच्या पंख्याने फुगा अर्धवट भरतात, लहान चणीचं कुणीतरी आत शिरतं, बाहेरची माणसं उजेडाचे ठिपके हेरतात आणि तिथे ठिगळ लावतात. या अंगणात बाहेरच्या बाजूला जे दोघं डिंक घेऊन उभे आहेत ते परदेशी रहिवासी. स्पॅनिश कामापुरती येते. 'इथे' आणि 'अजून' हे दोन शब्द या कामाला पुरतात.

[क्षणभर फक्त चित्र.]

फुग्याच्या तोंडाशी दीड-दोन मिलिमीटर जाडीच्या तारेचं कडं, व्यास पन्नास सेंटीमीटर. कागदाची कड त्याच्यावरून दुमडून चिकटवतात. कड्यावर तारेचीच फुली, आणि फुलीच्या मधोमध सुती चिंध्यांचा बोळा, वितळलेल्या पॅराफिन मेणात बुडवून काढलेला. बोळा फुलीला घट्ट आवळलेला पाहिजे. सैल राहिला तर वर गेल्यावर कलंडतो, आणि पुढे काय होतं ते मैदानावर पाहूच.

लहान फुगा का उडत नाही, हा प्रश्न दरवर्षी कुणीतरी विचारतं. गाव समुद्रसपाटीपासून दीड हजार मीटरहून थोडं अधिक उंच. इथे एक घनमीटर हवा किलोभर भरते. ती ८० अंशांपर्यंत तापवली की दीडशे ग्रॅमने हलकी होते. दोन मीटरच्या फुग्यात चार घनमीटरहून थोडी जास्त हवा मावते, म्हणजे उचल सहाशे ग्रॅमची. कागद आणि डिंक तीनशे ग्रॅम, तारा चाळीस, बोळा शंभर-दीडशे. वर शंभर ग्रॅम तरी शिल्लक, फुगा जातो. एक मीटरच्या फुग्याला उचल मिळते ऐंशी ग्रॅमची, त्यातले सत्तर कागद-डिंकच खातो. बोळ्याला जागा कुठे उरली?

[मैदान. दुपार. गॅसची टाकी, बर्नर, लांब बांबू.]

भरताना किमान पाच माणसं. एक जण बांबूने शेंडा वर धरतो, तिघं कडं जमिनीला समांतर ठेवतात, एक बर्नर सांभाळतो. आधी आच मंद. फुग्याच्या भिंती एकमेकींपासून सुटल्या की वाढवायची. सुरुवातीलाच ज्योत मोठी केली तर पोटाकडे लोंबणारा कागद पहिल्यांदा पेटतो. कडं हाताला वर ओढायला लागलं की बोळा पेटवायचा. मग आणखी अर्धा मिनिट थांबायचं. हा अर्धा मिनिट कुणालाच दम निघत नाही. घाईने सोडलेला फुगा माणसाच्या डोक्याएवढ्या उंचीवर रेंगाळतो, वाऱ्याच्या पहिल्या झुळकीला तिरका होतो आणि ज्योत कागदाला लागते.

[फुगा पेटतो. गर्दीचा आवाज. निवेदन नाही, पंधरा सेकंद.]

[दुसरा फुगा वर जातो. कॅमेरा त्याच्या मागे.]

दुपारी वारा सरोवराकडून डोंगराकडे वाहतो, म्हणजे फुगे गावावरूनच जातात. बोळा विझल्यावर ते छपरांवर, तारांवर, झाडांवर उतरतात. जळते उतरले तर मुलं बादल्या घेऊन धावतात. पावसाळ्यामुळे डोंगर हिरवे असतात हे गावाचं नशीब. गच्चीवर वाळक्या झावळ्यांचं छप्पर असलेल्यांनी त्या दुपारी पाण्याचा पाइप जोडून ठेवावा. प्लास्टिकच्या टाकीवर झाकण हवं.

[प्लाझा. माळा, झेंडे, हातगाड्या. गाड्यांची रांग.]

परदेशी घरात या सुट्टीची तयारी गुरुवारीच व्हायला हवी. १६ तारखेला बँका बंद, आणि गर्दीच्या दिवसांत एटीएममधल्या नोटा शनिवारी दुपारपर्यंतच संपू शकतात. हातगाडीवाला, मैदानाजवळ गाडी लावून देणारा, बँड, सगळे रोखीवर. त्यात पाचशे पेसोंच्या नोटेचे सुटे कुणी देत नाही, म्हणून वीस आणि पन्नासच्या नोटा आधीच मोडून ठेवायच्या. पिण्याच्या पाण्याचे वीस लिटरचे जार दोन जास्त घ्यायचे. गॅसची टाकी पाव भागापर्यंत उतरली असेल तर गाडीला आधीच फोन करायचा, कारण किनाऱ्याचा रस्ता जाऊन-येऊन एकेका पदराचा आहे आणि शनिवारी दुपारनंतर तो तुंबला की पुरवठ्याच्या गाड्याही त्यातच अडकतात. ग्वादालाहाराहून पाहुणे यायचे असतील तर त्यांना सकाळी दहाच्या आत यायला सांगावं.

त्या शहरात टाटा कन्सल्टन्सीचं केंद्र २००७ पासून आहे, त्यामुळे मराठी बोलणारी मंडळीही सुट्टीला या काठावर भेटतात. २०२४ साली हे तीन दिवस नेमके गणेशोत्सवात आले होते.

[कुत्रा पलंगाखाली. बाहेर दारूचे बाण.]

आणि आवाज. बाण बोरूच्या काडीवर बसवलेले असतात, माणूस ते हातात धरून सोडतो. सकाळी सहाला, दुपारी, मध्यरात्रीही. तक्रारी होतात. पण गावाचं पंचांग घर घेण्याआधी बघायचं असतं. नोव्हेंबरात गावाचा पालक संत सान आंद्रेस याची जत्रा नऊ दिवसांची आहे. कुत्र्याला आतल्या खोलीत, पडदे ओढून, पंखा लावून ठेवावं, आणि गळ्यात फोन नंबरची पट्टी हवीच, कारण या दिवसांत फाटक उघडं राहतं आणि जनावर पळतं.

डॉलरच्या भाड्यांमुळे गावातली कितीतरी जुनी कुटुंबं प्लाझापासून, म्हणजे गावच्या मुख्य चौकापासून, डोंगराकडे सरकली आहेत, हेही खरं.

[१५ सप्टेंबरची रात्र. प्लाझा, चौथरा.]

१८१० साली दोलोरेस गावात पाद्री मिगेल इदाल्गोने पहाटे घंटा वाजवून लोकांना उठवलं, त्याची आठवण म्हणून या रात्री घोषणा दिल्या जातात. देशाचे राष्ट्राध्यक्ष राजधानीत सज्जातून घोषणा देतात, गावोगावी स्थानिक अधिकारी. घोषणांत स्वातंत्र्यलढ्यातली नावं: इदाल्गो, मोरेलोस, होसेफा ओर्तिस दे दोमिंगेस, आयेंदे. प्रत्येक नावापुढे 'विवा', शेवटी तीन वेळा 'विवा मेहिको'. राष्ट्रगीताला मेक्सिकन माणूस उजवा तळवा जमिनीकडे करून हात छातीशी आडवा धरतो. परदेशी माणसाने नुसतं ताठ उभं राहिलं तरी चालतं. 'विवा' खुशाल म्हणावं. पुढाऱ्याच्या नावाचा फलक मात्र धरू नये. राज्यघटनेचं कलम ३३ परदेशी लोकांना देशाच्या राजकारणात पडायला मनाई करतं, आणि इथले जुने रहिवासी ते विनोदातही विसरत नाहीत.

[पोसोलेचं पातेलं. वाफ. कढईएवढा डाव.]

पोसोले. मोठ्या दाण्याचा पांढरा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून साल काढलेला. दाण्याचं टोक खुडलं तरच तो फुलासारखा उमलतो, म्हणून आदल्या रात्री घरातल्या सगळ्यांना टोकं खुडायला बसवतात. डुकराचं मांस, सुक्या लाल मिरचीचा रस्सा. वरून कोबी, मुळा, कांदा, ओरेगानो, लिंबू. कोबी वाडग्यात पडला की लगेच खायला घ्यावं.

[सोमवार सकाळ. झाडू. भिजलेला रंगीत कागद गटारीत.]

घरकामाला येणाऱ्या बाईंना १६ तारखेची सुट्टी कायद्यानेच आहे, श्रम कायद्याच्या कलम ७४ खाली. त्या दिवशी बोलावलंच तर रोजचा पगार आणि वर दुप्पट, म्हणजे एकूण तिप्पट. हे पैसे त्याच दिवशी, रोख द्यायचे. गुरुवारी काढून ठेवलेल्या नोटांत ते धरलेले असावेत.