अंगावर वळ नाहीत, म्हणून?

मंडळी, आज एका वैद्यकीय नोंदीपासून सुरुवात करू. तारीख २७ मार्च १९७२, वेळ रात्री ८. ठिकाण तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं, आता गडचिरोलीत असलेलं देसाईगंज. तपासलेली मुलगी आदिवासी, आईबाप नसलेली, मोलमजुरी करणारी. वय अंदाजे १४ ते १६. आदल्या रात्री पोलीस ठाण्याच्या आवारातच पोलिसांनी अत्याचार केला, अशी तिची तक्रार. डॉक्टरांनी लिहिलं ते असं: अंगावर जखम नाही, योनिपटल जुनं फाटलेलं, दोन बोटं सहज जातात. तिचं नाव त्या खटल्याला कायमचं चिकटलंय. मी ते घेत नाही.

पुढची सगळी लढाई त्या दोनतीन ओळींवर झाली. सत्र न्यायालयानं १९७४ साली तिला खोटारडी ठरवलं, शरीरसंबंधांची सवय असलेली म्हटलं आणि आरोपींना सोडलं. नागपूर खंडपीठानं १९७६ साली तो निकाल फिरवला. पोलिसांपुढे हतबल होऊन गप्प राहणं ही संमती नव्हे, असं सांगून शिपायाला ५ वर्षं आणि हवालदाराला १ वर्षाची शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयानं दोघांनाही निर्दोष सोडलं. जखमा नाहीत, म्हणजे झटापट नाही. झटापट नाही, म्हणजे विरोध नाही. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर या कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं, देशभर आंदोलन उभं राहिलं आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलीस कोठडीसारख्या ठिकाणी संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाई ‘माझी संमती नव्हती’ म्हणाली, तर संमती नव्हती असंच न्यायालय धरून चालेल, ही तरतूद त्यातली.

कायदा बदलला, तरी ‘ती ओरडली का नाही’ हा प्रश्न काही सुटला नाही. म्हणून आधी शरीराचं बघू. जीवावर बेतलं की माणूस एकतर पळतो, नाहीतर लढतो, असं आपण शिकलो. तिसरी प्रतिक्रिया राहून गेली: अंग थिजतं. स्नायू जड होतात, आवाज फुटत नाही, आणि हे ठरवून होत नाही. स्टॉकहोममधल्या बलात्कारपीडितांसाठीच्या तातडीच्या केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यात ७० टक्के जणींनी असं थिजणं लक्षणीय प्रमाणात अनुभवलं होतं. वर, आपल्याकडच्या गुन्ह्यांच्या नोंदी सांगतात की १०० पैकी ९० हून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. घरच्या माणसाला, मालकाला, शेजाऱ्याला हिसडा देताना हात आखडतो. मग वळ येणार कुठून?

आणि जे पुरावे असतात, ते आपल्याच हातानं जातात. घरचे पहिल्यांदा अंघोळ घालतात, कपडे धुवायला टाकतात; मायेनंच, पण नुकसान व्हायचं ते होतंच. नमुने साधारण ९६ तासांपर्यंत घेता येतात, पण दर तासाला त्यांचा कस उतरतो. कपडे प्लास्टिकच्या पिशवीत बांधले, तर ओलीमुळे बुरशी चढते आणि डीएनए खराब होतो. ते सावलीत, हवेवर सुकवून कागदी पाकिटात घालायचे, प्रत्येक कपड्याला वेगळं पाकीट, वर सील आणि सही. मुद्देमाल कुणाच्या हातून कुणाकडे गेला याची नोंद तुटली, की उलटतपासणीत तेवढंच पुरतं. हा निष्काळजीपणा व्यवस्थेचा. पण निकालात त्याचं नाव येतं ‘फिर्यादीचं म्हणणं विश्वासार्ह वाटत नाही’.

दोन बोटांची चाचणी, म्हणजे योनीत बोटं घालून संबंधांची ‘सवय’ आहे का ते ठरवणं, सर्वोच्च न्यायालयानं २०१३ मध्ये स्त्रीच्या खासगीपणाचा भंग ठरवली. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचनांनी ती बंद केली. तरी ३१ ऑक्टोबर २०२२ ला न्यायालयाला पुन्हा सांगावं लागलं की ती करणाराला गैरवर्तनासाठी दोषी धरलं जाईल. बंदी असून ती टिकते कशी? जुना छापील फॉर्म असतो, त्यात रकाना असतो, आणि रिकामा रकाना सोडायला नवशिका डॉक्टर घाबरतो. पूर्वीचे संबंध हा पुराव्याच्या कायद्यानुसार संमतीच्या प्रश्नात विचारात घ्यायचा मुद्दाच नाही, हे त्या रकान्याला कोण सांगणार!

जबाबाचं तेच. ठाण्यात पहिला जबाब थोडका येतो, धक्क्यात आठवणी उलटसुलट येतात. चार दिवसांनी बाई तपशील सांगते, तर वकील म्हणतात, ही नंतरची सुधारणा. त्यासाठी अंमलदारानं ‘ओरडली का नाहीस?’ न विचारता ‘पुढे काय झालं?’ एवढंच विचारावं, उत्तर तिच्याच शब्दांत लिहावं आणि एखादी गोष्ट सांगवत नसेल, तर ‘हे आत्ता सांगता येत नाही’ अशी नोंद करावी. गाळलेली जागा विसंगती ठरते, नोंदवलेली जागा ठरत नाही. फिर्याद लिहायला महिला अधिकारी असावी लागते; हद्द दुसऱ्या ठाण्याची असली, तरी शून्य क्रमांकानं (‘झिरो एफआयआर’ म्हणून) नोंदवावीच लागते. नोंदवायला नकार देणं हा अधिकाऱ्याचा गुन्हा आहे, ६ महिने ते २ वर्षं शिक्षेचा.

वार्ताहरांना एकच सांगतो. नाव छापलं नाही म्हणजे ओळख लपली असं नसतं. गाव, शाळा, वडिलांचा धंदा आणि ‘रात्री मित्रासोबत’ एवढं दिलं, की वाडीवरच्या पोरालाही कळतं कोण ते. कायद्यानं ओळख पटवणारा कोणताही तपशील निषिद्ध आहे.

आता हीच पट्टी पुरुषावर लावून बघा. तोही थिजतो, पण त्याला आपण म्हणतो, ‘एवढा धट्टाकट्टा, ढकललं का नाही?’ शरीरानं दिलेली प्रतिक्रिया ही इच्छेची खूण धरली जाते, जी ती नसते. केंद्र सरकारच्या २००७ च्या अभ्यासात १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांना विचारलं. ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी लैंगिक छळाचा कुठला ना कुठला प्रकार सांगितला आणि त्यांत निम्म्याहून जास्त मुलगे होते. २०१२ चा बाल लैंगिक अत्याचाराचा कायदा मुलगा-मुलगी भेद करत नाही, हे बरं. पण तोच मुलगा १८ वर्षांचा झाला, की कायद्यातून गळतो. १ जुलै २०२४ ला लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत बलात्काराची पीडित व्यक्ती फक्त स्त्री आहे. जुन्या दंडसंहितेतलं, पुरुषावरच्या बळजबरीलाही लागू होणारं कलम ३७७ गेलं आणि प्रौढ पुरुषावरच्या बळजबरीसाठी त्याच्या जागी काही आलं नाही. उरतं ते मारहाण, धमकी, बेकायदा डांबून ठेवणं.

तृतीयपंथी व्यक्तींचा हिशेब तर उघडच मांडलेला आहे. २०१९ च्या कायद्यात त्यांच्यावरच्या लैंगिक अत्याचाराला जास्तीत जास्त २ वर्षं. स्त्रीवरच्या बलात्काराला किमान १०. गुन्हा तोच असो, शिक्षा पीडित कोण यावर ठरते.