कढणाचा डबा आणि तुकड्यांची गोधडी

नमस्कार श्रोतेहो.

नाशिकची थंडी तुम्हाला मी काय सांगायची! निफाडचा पारा पाच-सहा अंशांवर उतरला, की इकडे सिडकोतल्या बैठ्या घरांच्या फरश्याही पायाला चावायला लागतात. अशाच थंडीत दोन वर्षांपूर्वी आमच्या गल्लीतलं एक घर अडचणीत आलं. घरातला कर्ता माणूस अंबडला कंत्राटावर कामाला. रात्रपाळीहून येताना गाडी घसरली आणि मांडीचं हाड मोडलं. कंत्राटी माणसाला घरी बसून पगार कुठला? खाडा पडला की तेवढा रोज बुडाला. मागे म्हातारी आई, बायको आणि तिसरीतली मुलगी.

सगळी गल्ली भेटून आली. निघताना जो तो म्हणाला, “काही लागलं तर सांगा हं.” मीही तेच म्हणाले. घरी आल्यावर मात्र ते वाक्य मला टोचत राहिलं. मागण्याचं काम आपण त्याच्या बायकोवरच टाकून आलो की! दवाखान्याच्या चकरा मारून थकलेली बाई कुणाच्या दारात उभी राहून सांगणार, की आज मला चुलीपुढे उभं राहवत नाही?

सुतकाच्या घरी शेजारी पिठलं-भाकरी घेऊन जातात. तेव्हा ‘आणू का’ असं कुणी विचारत नाही, आणतातच. मग दुखण्याच्या घरी आपण विचारत का बसतो?

दुसऱ्या दिवशी न विचारता डबा न्यायचा ठरवलं. आधी मनात टोमॅटोचं सार होतं. पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोचे क्रेटच्या क्रेट येतात, आपल्याकडे टोमॅटोला काय तोटा! पण साराला नारळाचं दूध लावलं, की ते पुन्हा खळखळून उकळता येत नाही, फुटतं. आणि दुखण्याच्या घरात जेवायच्या वेळा ठरलेल्या नसतात. कुणी दोनला जेवतं, कुणी चारला. म्हणून मुगाचं कढण केलं. वाटीभर हिरवे मूग सहा-सात वाट्या पाण्यात अगदी मऊ शिजवायचे, घोटायचे, गाळायचे. वरून तुपात जिरं, कढीपत्ता आणि ठेचलेल्या आल्याची फोडणी, दोन आमसुलं, चिमूटभर मिरपूड. हिरवी मिरची नको. ते कितीदाही गरम करता येतं. आजींना रक्तदाब आहे हे मला माहीत होतं, म्हणून मीठ घातलंच नाही, वेगळ्या पुडीत दिलं. सोबत मऊ भात. पथ्याची अशी चौकशी आधीच शेजारीपाजारी करून घ्यावी, त्या बाईला विचारत बसू नये.

डबा दिला आणि उंबऱ्यातूनच परतले. चहा टाकते म्हणाली, तर तिला म्हटलं, “उद्या टाक, आज पोळ्या व्हायच्यात माझ्या.” आपण बसलो की तिला चहा करावा लागतो आणि अपघाताची हकिगत पुन्हा पहिल्यापासून सांगावी लागते. कितव्यांदा सांगायची तिने?

मुलीचं मात्र माझ्या मनातून जाईना. येणारा प्रत्येक जण बाबांना भेटायचा, आजीला धीर द्यायचा. ती दाराआड उभी असायची. तिच्यासाठी आम्ही चौघींनी गोधडी शिवायला घेतली. गोधडीला जुनंच लुगडं लागतं. वर्षानुवर्षं धुऊन मऊ झालेल्या सुतीची ऊब नव्या कापडाला येत नाही. आत दोन जुन्या साड्यांचे थर आणि वर गल्लीतल्या प्रत्येक घरचा एकेक तुकडा. कुणाचा पोलक्याचा, कुणाचा शर्टाचा, एका आजोबांच्या धोतराचा. कडेपासून धावदोरा घालत घालत आत मध्यापर्यंत यायचं. दुपारच्या उन्हात ओट्यावर बसून आम्हाला बारा दिवस लागले. टाके काही सारखे आले नाहीत, चौघींचे हात चार तऱ्हेचे.

गोधडी अंगावर घेऊन ती पोर प्रत्येक तुकडा ओळखत बसली. “ही काकूंची हळदी-कुंकवाची साडी. हा दादाचा शाळेचा शर्ट!” बाबा खाटेवरून चुकीची नावं सांगायचे, मुद्दाम. त्या घरात मला कितीतरी दिवसांनी हसणं ऐकू आलं.

डब्याचं मी कधी विचारलं नाही. ‘डबा परत द्या’ म्हटलं, की दिलेलं उसनं वाटायला लागतं. उन्हाळ्यात मुलीचे बाबा काठी टेकत चालायला लागले, तेव्हा तिची आई स्वतःच डबा घेऊन आली. घासून लख्ख केलेला, पण रिकामा नाही. आजींनी घातलेले सांडगे होते त्यात, ओंजळभर. ‘कशाला गं’ हे शब्द माझ्या अगदी ओठांवर आले होते. पण तिचा चेहरा पाहिला आणि दोन्ही हातांनी डबा घेतला.

त्या रात्री आमच्याकडे सांडग्यांची आमटी झाली.

नमस्कार.