बिलांची आवक

[दृश्य: लातूर, गंजगोलाई. शटर वर जाताहेत, हातगाडीवर रिकामा बारदाना.]

महिन्याची नऊ-दहा तारीख आली की लातूरच्या कर सल्लागारांना दम खायला फुरसत नसते. मासिक जीएसटीआर-१ ची, म्हणजे विक्रीच्या विवरणपत्राची, मुदत ११ तारखेला संपते, कर भरायच्या ३बी ची २० तारखेला. आडते, डाळमिलवाले, बारदानावाले, सगळ्यांची बिलं याच दिवसांत येतात आणि हल्ली ती मेलवर येतात. विषयाच्या ओळीत बऱ्याचदा काहीच नसतं. असलंच तर एवढं: "बिलं पाठवायलाव सर, बघून घ्या." खाली फोटोंची रांग. दोन उलटे, एक अंधुक, आणि मधेच एक चक्क सुप्रभातचा.

पूर्वी एक मुलगा बसून प्रत्येक मेल उघडायचा, फाइल उतरवायची, नाव द्यायचं, फोल्डरमध्ये टाकायची, असं दिवसभर करायचा. इथल्या एका कार्यालयात हे काम आता क्लाऊडवर, म्हणजे इंटरनेटवरून भाड्याने घेतलेल्या संगणकांवर होतं.

[दृश्य: कार्यालय. भिंतीला बॉक्स फाइली, टेबलावर एकच संगणक.]

बिलांसाठी वेगळा मेल पत्ता काढला आहे, आणि तोही उपडोमेनवर, म्हणजे कार्यालयाच्या डोमेन नावाच्या आधी आणखी एक शब्द जोडून केलेल्या वेगळ्या नावावर. कोणत्या डोमेनचा मेल कोणत्या सर्व्हरने घ्यायचा हे एमएक्स नोंद ठरवते. मुख्य डोमेनचीच ती नोंद बदलली, तर विभागाच्या नोटिसा आणि बँकेची पत्रंही बिलांच्या ढिगात येऊन पडतील. उपडोमेन घेतलं की बाकीचं टपाल जिथल्या तिथे राहतं.

मेल घेते ती ॲमेझॉनची एसईएस सेवा. स्पॅम आहे का, व्हायरस आहे का, पाठवणारा खरंच त्याच डोमेनचा आहे का, हे तपासून ती मेलवर शेरा मारते आणि आख्खा मेल, जोडलेल्या फायलींसकट, एस-३ या साठवणीत ठेवते. तो तिथे पडला की लॅम्डा सुरू होतो. लॅम्डा म्हणजे हाक मारली की चालणारा आणि काम संपलं की थांबणारा प्रोग्रॅम. एका खेपेला जास्तीत जास्त १५ मिनिटं. एसईएसकडून थेट लॅम्डाला हाक मारता येते, पण तेव्हा त्याला मेलची फक्त शीर्षकं मिळतात, मजकूर आणि फायली नाहीत. म्हणून मूळ मेल आधी जागेवर, वाचन नंतर. वाचणारा प्रोग्रॅम कोसळला तरी मेल हरवत नाही. या सगळ्या मांडणीतली मला सर्वात शहाणपणाची वाटते ती हीच गोष्ट. मायक्रोसॉफ्ट ३६५ वापरणारे असंच काम पॉवर ऑटोमेटवर बसवतात.

[दृश्य: पडद्यावर मेलचा कच्चा मजकूर. अक्षरांच्या न संपणाऱ्या ओळी.]

खरी कसोटी इथून पुढे. मेल मुळात साध्या अक्षरांसाठी होता. १९९२ साली मेलला फायली कशा जोडायच्या याचं माइम नावाचं प्रमाण ठरलं आणि फोटो, कागदपत्रं त्यातून जाऊ लागली. पण अक्षरांचा वेष घेऊन. बेस-६४ या वेषांतराच्या पद्धतीत तीन बाइटची चार अक्षरं होतात, त्यामुळे ३० एमबीचा गठ्ठा वाटेत ४० एमबीचा होतो. आकाराच्या मर्यादेत न बसून मेल परत आला की व्यापारी म्हणतो, "फाइल तर बारकीच होती की!"

गठ्ठा सोडवला की आत काय निघेल सांगता येत नाही. कंपनीचा सहीखालचा लोगोही जोडलेली फाइल म्हणूनच येतो. प्रोग्रॅमला शिकवलं नाही तर तो लोगोलाही बिल समजून वाचत बसतो. आयफोनवाल्यांचे फोटो एचईआयसी या वेगळ्याच प्रकारात. आउटलुकवाल्यांकडून कधी नुसती विनमेल डॉट डॅट, सगळ्या जोडलेल्या फायली पोटात घेतलेली एकच फाइल. झिप येते आणि तिचा पासवर्ड दुसऱ्या मेलमध्ये. मेलच्या आत मेल, त्याच्या आत बिल. फाइलचं नाव मराठीत असेल तर तेही सांकेतिक होऊन येतं, ते उलगडावं लागतं. आणि जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये केलेली पीडीएफ! डोळ्याला स्वच्छ मराठी दिसतं, प्रोग्रॅमच्या हाती इंग्रजी अक्षरांचा कचरा लागतो. अशा पानाचा सरळ फोटो करून तो ओसीआरला, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखणाऱ्या प्रोग्रॅमला द्यायचा. गूगलचं व्हिजन मराठी ओळखतं. छापील असेल तर काम भागतं. आडतीची हाताने लिहिलेली पट्टी असेल, हमाली-तोलाई कोपऱ्यात खरडलेली असेल, तर माणूसच लागतो.

[दृश्य: घडी पडलेलं एक बिल. कॅमेरा जीएसटी क्रमांकावर.]

हे बारदानाच्या खरेदीचं बिल. घडी नेमकी जीएसटी क्रमांकावरून गेली आहे. ओसीआरने एका ठिकाणी बी ऐवजी ८ वाचलाय. क्रमांक १५ खुणांचा: सुरुवातीला राज्याचा संकेत, महाराष्ट्राचा २७, मग दहा खुणांचा पॅन. पॅनमध्ये आधी पाच अक्षरं, मग चार अंक, शेवटी एक अक्षर. इथे अक्षराच्या जागी अंक बसलाय, तेव्हा काहीतरी चुकलं हे प्रोग्रॅमला लगेच कळतं. तो बी घालून बघतो आणि शेवटची खूण, जी आधीच्या १४ खुणांवरून गणिताने निघते, ती जुळते का पाहतो. जुळली. बिल पुढे गेलं. ई-इन्व्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल असेल तर एवढी यातायात नाही, क्यूआर कोडमध्येच क्रमांक, तारीख, रक्कम सगळं असतं. पण ते बंधन ५ कोटींवरच्या उलाढालीला आहे, आणि बारदानावाला सहसा त्यात बसत नाही.

तोच मेल यंत्रणेत दोनदा वाचला जाऊ शकतो. शिवाय पोचला की नाही या शंकेने व्यापारीही दोनदा पाठवतात. पुरवठादाराचा क्रमांक, बिल क्रमांक आणि तारीख हे तिन्ही आधीच नोंदलेले असतील तर दुसरी नोंद होत नाही. १४ तारखेला जीएसटी पोर्टलवर २बी, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या बिलांची यादी आली की ताळा याच तिन्हींवर घेतला जातो. पुरवठादाराने बिल दाखवलंच नसेल तर क्रेडिट, म्हणजे खरेदीवर दिलेल्या कराची वजावट अडकते, आणि ते २० तारखेच्या आत कळलेलं बरं.

लॅम्डा अडला तर आणखी दोनदा आपण होऊन प्रयत्न करतो. तरी जमलं नाही तर मेल 'अडलेले' या रांगेत जातो. तो पूर्वीचा मुलगा आता सकाळी पहिल्यांदा ही रांग उघडतो.

[दृश्य: बॉक्स फाइलींवरची धूळ.]

जीएसटी कायद्यानुसार हिशोबाची कागदपत्रं वार्षिक विवरणपत्राच्या मुदतीपासून ७२ महिने ठेवावी लागतात. मूळ मेल एस-३ मध्ये तसेच राहतात, जुने झाले की स्वस्त साठवणीत सरकतात. ॲमेझॉनची भारतातली क्लाऊड क्षेत्रं दोन: मुंबईचं २०१६ चं, हैदराबादचं २०२२ चं. या कार्यालयाने दुसरी प्रत हैदराबादला ठेवली आहे. १९५६ पर्यंत मराठवाडा हैदराबाद राज्यातच होता. लातूरचं दप्तर तिकडे जाणं म्हणजे काही नवल नाही.

[दृश्य: बाजार समितीचं आवार, सोयाबीनचा सौदा.]

एवढं सगळं होऊन विवरणपत्र तयार असतं, फक्त भरायचं. त्याचा ओटीपी मात्र व्यापाऱ्याच्या मोबाइलवर येतो. व्यापारी सौद्यात उभा, फोन खिशात वाजतोय. कार्यालयातला मुलगा तिसऱ्यांदा नंबर लावतो: "दादा, ओटीपी आलाय, तेवढा सांगता का?"