कंदाच्या मुळ्या आणि लिलावाचा हातोडा

श्रोतेहो, नमस्कार.

एमिली कामे न्ग्वारे यांच्या हाती पहिल्यांदा कॅनव्हास आला तो १९८८-८९च्या उन्हाळ्यात, पंचाहत्तरीच्या आसपास. मध्य ऑस्ट्रेलियातल्या युटोपिया या वाळवंटी मुलखातल्या त्या अन्मात्येर या आदिवासी समाजातल्या बाई. सप्टेंबर १९९६मध्ये त्या गेल्या, तोवर जेमतेम आठ वर्षांत अंदाजे तीन हजार चित्रं झाली होती.

याला उशिरा सुरुवात म्हणणं मला पटत नाही. बायकांच्या 'अवेल्ये' विधीत छाती-खांद्यांवर गेरूचे पट्टे ओढण्यात त्यांचा जन्म गेला होता. १९७७पासून त्या बाटिक, म्हणजे मेण लावून कापड रंगवण्याचं काम, करत होत्या. पण त्यात मेण काढायला कापड पुन्हा पुन्हा उकळायचं, धुवायचं. म्हातारपणी ते नकोसं होतं. ॲक्रिलिकला फक्त पाणी लागतं.

कॅनव्हास जमिनीवर अंथरून त्या शेजारी मांडी घालून बसत. १९९५चं रानकंदाचं मोठं चित्र पाहा: आठ मीटर लांब, तीन मीटर उंच, काळ्यावर नुसती पांढरी रेघ. ती वळते, स्वतःलाच ओलांडते, पुन्हा जमिनीत शिरल्यासारखी खाली जाते. ही त्या कंदाच्या मुळ्यांची चाल. ही वेल आपल्या मूग-चवळीच्या कुळातली, आणि एमिलींच्या नावातलं 'कामे' म्हणजे तिचंच बी.

आता बाजार. १९९४चं 'अर्थ्स क्रिएशन', चार फलकांचं, सव्वासहा मीटरांहून लांब. मे २००७मध्ये ते १० लाख ५६ हजार ऑस्ट्रेलियन डॉलरला गेलं. आदिवासी चित्राचा तो उच्चांक दोनच महिने टिकला. क्लिफर्ड पॉसम या दुसऱ्या आदिवासी चित्रकाराचं चित्र २४ लाखांना गेलं. २०१७मध्ये एमिलींचं तेच चित्र पुन्हा लिलावात आलं आणि २१ लाखांवर पोचलं. अशा आकड्यांत हातोड्याच्या बोलीवर खरेदीदाराचं प्रीमियमही (लिलावघर त्याच्याकडून घेतं ते शुल्क) चढवलेलं असतं, म्हणून दोन विक्रींची तुलना करताना दोन्हीकडे ते धरलंय का हे आधी बघावं.

त्यांची सगळीच चित्रं असा भाव घेत नाहीत. त्या अनेक दलालांसाठी रंगवत, त्यामुळे चित्र कुणी करवून घेतलं, पुढे कुणाकुणाच्या हातून गेलं, याची कागदपत्रं भाव ठरवतात. रंगवतानाचे फोटो असतील तर उत्तम. कागद तुटक असले की मोठी लिलावघरं हात आखडता घेतात.

चित्रकाराच्या घरच्यांसाठी ऑस्ट्रेलियात ९ जून २०१०पासून कायदा आहे: हजार डॉलर किंवा अधिकच्या पुनर्विक्रीवर पाच टक्के, मृत्यूनंतर ७० वर्षांपर्यंत. मात्र आधीपासून कुणाकडे असलेलं चित्र त्या तारखेनंतर पहिल्यांदा हात बदलतं, तेव्हा वारसांना काहीच मिळत नाही.