‘डिस्कवर्ल्ड’ वाचायला कुठून सुरुवात करावी?

नमस्कार. टेरी प्रॅचेट यांच्या ‘डिस्कवर्ल्ड’ या विनोदी कादंबरीमालेची आज मी मनापासून शिफारस करणार आहे आणि ती कुठून वाचायला घ्यावी हेही सांगणार आहे, कारण 41 कादंबऱ्यांचा आकडा ऐकूनच अनेक वाचक माघार घेतात.

हे जग थाळीसारखे सपाट आहे. ते चार हत्तींनी पाठीवर तोलून धरले आहे आणि ते हत्ती अवकाशातून पोहत जाणाऱ्या एका महाकाय कासवाच्या पाठीवर उभे आहेत. 1983 साली आलेल्या ‘द कलर ऑफ मॅजिक’ या पहिल्या कादंबरीत प्रॅचेट यांनी मुख्यतः जादू आणि तलवारींच्या कथांचे विडंबन केले. पुढे मात्र त्यांचा रोख आपल्याच जगातील कल्पनांकडे वळला आणि माझ्या मते या मालेचे खरे मोल तिथून सुरू होते.

आपण सहज बोलून जातो अशी एखादी कल्पना प्रॅचेट त्या जगात अक्षरशः खरी करतात आणि तिचे परिणाम शेवटपर्यंत तपासतात. देवाचे सामर्थ्य भक्ताच्या श्रद्धेत असते, हे शब्दशः खरे असेल तर काय होईल? 1992 च्या ‘स्मॉल गॉड्स’मध्ये ओम हा महान देव एका साध्या कासवाच्या देहात अडकतो, कारण त्याच्या नावाने चालणाऱ्या अवाढव्य धर्मसंस्थेत त्याच्यावर मनापासून विश्वास ठेवणारा ब्रूथा नावाचा एकच भोळा शिकाऊ साधक उरलेला असतो. बाकीच्यांची श्रद्धा देवावरून कधीच ढळून संस्थेच्या धाकावर स्थिरावली आहे. यात श्रद्धेची टवाळी नाही, आणि म्हणूनच हे पुस्तक मी श्रद्धाळू वाचकाच्याही हाती निःशंकपणे देईन.

‘मेन ॲट आर्म्स’मध्ये पहारेकऱ्यांचा कप्तान सॅम व्हाइम्स बुटांचा हिशेब मांडतो. पन्नास डॉलरचे बूट वर्षानुवर्षे टिकतात. गरिबाला परवडणारे दहा डॉलरचे बूट एक-दोन हंगामांत गळू लागतात. त्यामुळे त्याच काळात गरिबाचे शंभर डॉलर खर्च होतात आणि त्याचे पाय तरीही ओलेच राहतात. गरिबी महाग का पडते, हे इतक्या थोडक्या शब्दांत समजावणारा दुसरा उतारा मला माहीत नाही. पैशाचे मूल्य मुळात येते कुठून, हा प्रश्न आवडत असेल तर ‘मेकिंग मनी’ अवश्य वाचा. तिथे बँकेचे अध्यक्षपद एका कुत्र्याकडे आहे.

प्रकाशनाच्या क्रमाने वाचण्याची गरज नाही. एकच पुस्तक वाचायचे असेल तर स्वतंत्रपणे वाचता येणारे ‘स्मॉल गॉड्स’ घ्या. पात्रांसोबत दूरवर जायचे असेल तर 1989 च्या ‘गार्ड्स! गार्ड्स!’पासून व्हाइम्सच्या कादंबऱ्या क्रमाने वाचा. त्यांतील ‘नाइट वॉच’ ही मला सर्वांत श्रेष्ठ वाटते, परंतु ती आधी उघडू नका. तिच्यात तरुण व्हाइम्स भेटतो, आणि त्या भेटीचे महत्त्व कळण्यासाठी प्रौढ व्हाइम्स आधी ओळखीचा व्हायला हवा.