अठराव्या वर्षी पंचविशीचा अंदाज

मंडळी, आपल्याकडे हॉकी म्हटलं की मैदान आणि ध्यानचंद. आज मी बोलणार आहे ती बर्फावरची हॉकी, अमेरिका-कॅनडातली व्यावसायिक लीग एनएचएल. तिथे दरवर्षी ड्राफ्ट होतो, म्हणजे संघ आळीपाळीने नवे खेळाडू निवडतात. ३२ संघ, ७ फेऱ्या, आणि ज्यांची निवड होते त्यातली बहुतेक पोरं जेमतेम अठरा वर्षांची.

अठराव्या वर्षाचं पोर काय असतं, ते तुमच्यापैकी ज्यांच्या घरात आहे त्यांना विचारा. गेल्या दिवाळीची पँट यंदा घोट्याच्या वर. कुणी सोळाव्या वर्षीच दाढीमिशांसकट पुरा वाढलेला असतो, कुणाची हाडं विशीपर्यंत लांबतात. आज धिप्पाड दिसणारा खरंच चांगला खेळतो, की नुसता लवकर वाढलाय? स्काउटची, म्हणजे संघासाठी खेळाडू हेरणाऱ्याची, खरी अडचण ही.

आणि ती लहानपणापासूनची. कॅनडात वयोगट जानेवारी ते डिसेंबर असा धरतात. जानेवारीतला पोरगा डिसेंबरवाल्यापेक्षा जवळजवळ वर्षाने मोठा. दहाव्या वर्षी हा फरक नुसत्या डोळ्यांनी दिसतो. मोठा दिसतो म्हणून निवडला जातो, निवडला म्हणून चांगला प्रशिक्षक मिळतो, आणि मग खरोखरच चांगला होतो! २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात तर असं दिसलं, की वर्षाच्या उत्तरार्धात जन्मलेल्या कॅनेडियन खेळाडूंना संघ उशिरा उचलत होते, पण पुढे कामगिरी त्यांचीच अपेक्षेपेक्षा सरस निघत होती.

तारखेचा आणखी एक खेळ बघा. ड्राफ्टसाठी १५ सप्टेंबरपर्यंत अठरा पूर्ण हवीत. ऑस्टन मॅथ्यूजचा जन्म १७ सप्टेंबर १९९७चा. दोन दिवसांनी २०१५चा ड्राफ्ट हुकला. मग पठ्ठ्या झ्युरिकला जाऊन बाप्यांच्या लीगमध्ये खेळला आणि ३६ सामन्यांत २४ गोल मारून आला. २०१६ला टोरंटोने त्याला पहिला उचलला. पोरांमधले गोल आणि बाप्यांमधले गोल यांचं वजन वेगळं, हे सांगायला नको.

म्हणून मुरलेला स्काउट गोलांवर फार भाळत नाही. तो बघतो, पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, येण्याआधी पोरगा मान वळवून मागे बघतो का? पक हातचा गेल्यावर परत धावतो, की काठी आपटत उभा राहतो? तरीही फसतातच. १९९३ साली ओटावाने अलेक्झांडर डेगलला पहिला उचलला. दुसरा कोण होता ते कुणाच्या लक्षात राहत नाही, असं तो बोलूनही गेला. दुसरा होता ख्रिस प्रॉंगर, पुढे हॉल ऑफ फेममध्ये गेलेला.

याच्या उलट पावेल दात्सुक, पुढे मोठा खेळाडू ठरलेला. शरीराने किरकोळ, दोन ड्राफ्टमध्ये कुणी विचारलंसुद्धा नाही. डेट्रॉईटचे हाकान अँडरसन रशियात गेले होते दुसऱ्याच एका पोराला बघायला, आणि नजर याच्यावर अडकली. १९९८ साली डेट्रॉईटने त्याला घेतला तो १७१वा. म्हणजे त्याच्या आधी १७० नावं पुकारून झाली होती.