चाळीची ट्रंक, चार घरांत

(ट्रंकची कडी, क्लोजअप)

लालबागची चाळ, दुसरा मजला, गॅलरीच्या टोकाची खोली. ही मंडळाची ट्रंक. कडी गंजलीय म्हणून काका स्क्रूड्रायव्हर लावतायत. आत गणपतीचे फोटो, लेझीमचे, नाटकांचे, आणि तळाच्या पाकिटात १९८२ च्या संपातले, गिरणीच्या गेटवरच्या सभांचे. १८ जानेवारीला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यातले कितीतरी ह्याच गॅलरीत राहायचे.

हा गठ्ठा बघा. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला तो दिवस, आणि ट्रंक तेव्हा तळमजल्यावर होती. फोटो सोलायला गेलं की चेहराच निघून येतो. म्हणून हा गठ्ठा आहे तसा ठेवला आणि जे सुटे होते ते स्कॅन केले.

(स्कॅनरचा उजेड, गॅलरीतली पोरं)

स्कॅन ठेवायचे कुठे ह्यावरून बरीच चर्चा झाली. क्लाउडवर टाका म्हणणारे होते, पण एकच अकाउंट, एकच पासवर्ड, तोही कुणा एकाच्या नावावर, म्हणजे पुन्हा ट्रंकच झाली ना. म्हणून आम्ही आयपीएफएसकडे गेलो, म्हणजे फाईली एका जागी न ठेवता अनेकांच्या कॉम्प्युटरवरून वाटायची पद्धत. हुआन बेनेटने २०१४ मध्ये ह्याचा आराखडा लिहिला, आणि त्यातली मूळ गोष्ट खूप साधी आहे: फाईलचा पत्ता ती कुठे ठेवलीय ह्यावरून ठरत नाही, तिच्या आत काय आहे ह्यावरून ठरतो.

(दोन लॅपटॉप शेजारी शेजारी)

हे शूट करायला मिळालं ह्याचा फार आनंद आहे. एकच फोटो, दोन लॅपटॉप, दोन्हीवर कुबो, म्हणजे नोड, ह्या नेटवर्कमधला एक कॉम्प्युटर, चालवायचं सॉफ्टवेअर. फाईल टाकली की तिचे २५६ केबीचे तुकडे होतात, प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे आतल्या मजकुरावरून काढलेला ठसा, निघतो, आणि शेवटी ही ४६ अक्षरांची ओळ येते, हाच फाईलचा पत्ता. दोन्हीकडे अक्षर न अक्षर तीच. आता ताईने फोटोचा एक कोपरा जरासा खोडला आणि परत टाकला. बघा, ओळ पूर्ण बदलली. कोणी गुपचूप फोटो बदलला तर पत्ताच चुगली करतो.

(टीव्हीमागची फळी, छोटा बोर्ड, हार्ड डिस्क)

हा आमचा नोड. रास्पबेरी पाय, म्हणजे हा छोटा कॉम्प्युटर, आणि एक हार्ड डिस्क. दोन्ही मिळून दहा वॉट धरले तर महिन्याला सातेक युनिट. इनिटची कमांड दिली की नोडची स्वतःची ओळख तयार होते, मग डिमन, म्हणजे मागे सतत चालणारा प्रोग्राम, चालू करायचा आणि तो चालूच ठेवायचा. इथवर अर्धा तास लागला.

पुढे आठवडा गेला. नोड बाहेर जाऊन बोलायचा, पण बाहेरून कोणी आत येईना. राउटरवर ४००१ नंबरचा पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायचं दार, उघडला, तरी नाही. मग दादाने राउटरच्या पानावरचा आपल्या इंटरनेटचा पत्ता बघितला, तो १०० ने सुरू होणारा, आणि बाहेरच्या जगाला दिसणारा पत्ता वेगळाच, म्हणजे आमच्यासारखी कितीतरी घरं एकाच पत्त्यामागे बसवलेली, त्यामुळे राउटरवर काहीही उघडा, बाहेरचा माणूस दारापर्यंत पोचणारच नाही. शेवटी नेटवाल्याकडून आयपीव्ही६, म्हणजे घराला स्वतःचा पत्ता देणारी नवी पद्धत, चालू करून घेतलं, राउटरच्या फायरवॉलमध्ये त्यासाठीही वाट ठेवली, आणि हा बघा, पहिला बाहेरचा पीअर, म्हणजे आमच्याशी जोडलेला दुसरा नोड.

(डोंबिवलीचं घर, वहिनी फोनवर)

इथे एक गैरसमज सगळ्यांचाच होतो, आमचाही झाला. फाईल नेटवर्कवर टाकली म्हणजे जगभर तिच्या कॉप्या झाल्या असं अजिबात नाही. फाईल कोणाकडे आहे एवढीच नोंद इतर नोडकडे जाते, फाईल आपल्याच डिस्कवर राहते. दुसऱ्याने बघितली तर त्याच्याकडे तात्पुरती उतरते आणि सफाई झाली की उडते. ती टिकवायची तर त्याने पिन करायला हवी, म्हणजे सफाईत ही काढू नको असं आपल्या नोडला सांगायला हवं. म्हणून चाळ सोडून गेलेल्या तीन घरांना विचारलं. डोंबिवली, विरार, आणि चिंचपोकळीची आत्या. तिघांनी नोड लावले, अख्खं फोल्डर पिन केलं. फोल्डरमध्ये एक फोटो वाढला तरी फोल्डरचा पत्ता बदलतो, मग नवा पत्ता चाळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर जातो आणि तिघं परत पिन करतात.

बाहेर गेलेली फाईल परत बोलावता येत नाही, म्हणून घरगुती फोटो ह्यात घेतले नाहीत, ते बैठकीत ठरलं.

(सामानाचे खोके, जिना)

चाळ रिडेव्हलपमेंटला चाललीय. सामान बांधताना लालबागचा नोड काढला, ही त्याची वायर. त्याच संध्याकाळी डोंबिवलीत आजोबांना गेटवरचा फोटो बघायचा होता.

(आजोबांचं बोट स्क्रीनवर, दुसरी रांग, डावीकडून तिसरा)